एकटीचा आकडा

या मायबापहो, असे दाराशी कायले बसता? सतरंजीच्या या टोकाला सरका. टाळ जरा मांडीवर ठेवा. बुवांचा चहा व्हायचा आहे, पेटीवाला अजून फाट्यावरच आहे, कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, आमच्याच शिवारातली आहे. ऐकून झाल्यावर तुम्हाला घरी एकटं जावंसं वाटणार नाही, एवढं मात्र खरं.

आमचं गाव राजूरच्या पल्याड. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला सागाचं रान. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी बसते ती खाणीची, आणि मनावर बसते ती रानाची. कारण रानात वाघ आहे. आमच्या बाया शेतात त्याचं नाव घेत नाहीत. "थे" म्हणतात. मागच्या साली नाल्याकाठी एका गुराख्याला त्यानं नेलं. त्याचा डबा पळसाला तसाच अडकवलेला सापडला, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

तेव्हापासून भागीरथानं टोळीला नियम घातला. भागीरथा म्हणजे किसनरावांची बायको. कापूस वेचायला वीसेक बाया तिच्या शब्दावर निघत. नियम असा, की रानाकडच्या वावरात सगळ्यांनी बरोबर जायचं आणि दिवस टेकाडाला टेकायच्या आत सगळ्यांनी बरोबर निघायचं. मागं कोणी राहायचं नाही. आता वीस बायांचे हात काही सारखे चालत नाहीत. म्हणून जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली कापसाची ओळ, आधी संपेल तिनं वळून मागे राहिलेलीच्या पातीत शिरायचं, आणि पलीकडच्या टोकाकडून वेचत वेचत तिच्याकडे यायचं. याला आमच्याकडे सामोरं जाणं म्हणतात. सामोरं जाऊन वेचलेला कापूस आपल्या ओटीत ठेवायचा नाही, तिच्या ओटीत टाकायचा.

सगळ्यात मागं असायची लीलाबाई. एकटा जीव. नवरा कधीचाच गेला, पोटी कोणी नाही. बोटं सांध्यात वाकडी झालेली, बोंडाच्या वाळल्या नख्या टोचून पेरं नेहमी रक्ताळलेली. पण तोंड गोड. सप्ताहात पहिल्या रांगेत बसायची आणि बुवांनी डोळे मिटले की हिच्या डोळ्याला धार लागायची. दिवस कलला की तिच्या पातीत तिघी-चौघी समोरून यायच्या, आणि ती तिकडून ओरडायची, "आल्या व माह्या लेकी! आता जेवू घालतो तुमाले!"

"काय जेवू घालतं बुढे? तुह्या घरी त उंदीर बी उपाशी हाय," विमलताई म्हणायची. विमलताईचा हात टोळीत सगळ्यात चलाख आणि जीभ त्याहून.

दिवाळी झाली. वेचणी भरात आली. सदाशिवरावांचं रानाला लागून असलेलं मोठं वावर भागीरथानं घेतलं. आणि त्याच आठवड्यात राजूरहून तिचा भाचा अमर आला. पांढरा सदरा, खिशाला बिल्ला. अंगणात बाया गोळा करून त्यानं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. बॅटरीवर चालणारी नवीकोरी रिक्षा. हिरवी, वर छत.

"लिलाव हाय," अमर म्हणाला. "पण उलटा. मोठी बोली लावणारा नाही जिंकत. सगळ्यात लहान बोली जिंकते."

"मंग मी एक पैसा टाकतो," विमलताई म्हणाली.

"तुमी टाकसान, अन बाजूवाली बी टाकन. दोघीचा आकडा एक झाला का दोघी बी बाद. आकडा लहान पायजे, अन एकटीचा पायजे. दुसऱ्या कोणाच्या डोक्यातच आला नसन, असा."

किसनराव खाटेवर बसून दोर वळत होते. ते म्हणाले, "म्हणजे ज्याच्या मनातलं कोणाले समजत नाही, थो जिंकते."

"बराबर बोलले मामाजी. एका बोलीले एक टोकन लागते. टोकन इकत घ्या, नाही त मेंबर आना. मेंबर आनला का टोकन फुकट. तिनं आनखी कोणाले आनलं, त तिलेबी अन तुमालेबी. परिवार हाय हा, आत्या. कंपनी नाही."

भागीरथा रिक्षाच्या चित्राकडे बघत होती. वावरातून गावापर्यंतची पांदण तिच्या डोळ्यासमोर होती. दोन्ही बाजूंनी माणसाच्या उंचीचं गवत, आणि सांजेला त्या गवतातून जाताना पुढचीचा पदर धरून चालणाऱ्या बाया. रिक्षा असली तर दोन खेपांत सगळ्या घरी.

लीलाबाई म्हणाली, "जिच्या नावानं निंगन तिच्या रिक्षात समद्याच बसन ना पन?"

"समद्याच," भागीरथा म्हणाली. "हे काय इचारनं झालं?"

तिच्या शब्दावर सगळ्या टोळीनं नाव घातलं. लीलाबाईचं नाव भागीरथानं आपल्या टोकनावर घातलं.

पहिल्या दिवशी काय झालं ऐका. वावराच्या वर मारुतीचं टेकाड आहे, मोबाईलला रेंज तिथंच येते. दुपारी भाकरी खाऊन सगळ्या वर गेल्या. बोली कितीची लावायची? शुभकामाला काय देतात? सव्वा रुपया. सगळ्यांनी मोठ्यानं ठरवलं, मारुतीच्या पाया पडल्या, आणि भागीरथाची लेक दिपाली, बारावी झालेली, हिनं एकेकीचा सव्वा रुपया मोबाईलवर टाकला. प्रत्येकीच्या नावापुढं लाल ठिपका आला.

"लाल म्हणजे काय व?"

"म्हणजे तोच आकडा आनखी कोणी टाकला. एकटा असला त हिरवा येते."

"टाकनच ना," लीलाबाई म्हणाली. "आपुन समद्यायनं मिळूनच त टाकला."

बाया हसून हसून लोळल्या. "देवाले सव्वा रुपया चालते, अन अमरच्या परिवाराले काहून चालत नाही?" असं म्हणत खाली उतरल्या. त्या दिवशी सूर्य बराच वर असतानाच वेचणी आटपली. ते हसणं टोळीचं शेवटचं, हे कोणाला ठाऊक होतं?

अमरला कळलं तेव्हा तो मोबाईलवर ओरडला. "आत्या, आकडा सांगायचा नसते! मायले लेकीनं सांगायचा नसते!"

मग बाया आकडे लपवायला शिकल्या. आधी सगळ्या दिपालीकडून टाकून घेत. नंतर विमलताई म्हणाली, "सारे आकडे एकाच पोरीच्या डोयाखाली कायले?" आणि तिनं आपल्या जावयाचा जुना मोबाईल आणला. दुसरीनं आणला, तिसरीनं आणला. दुपारी टेकाडावर बाया एकमेकींकडे पाठ करून बसू लागल्या, पदर मोबाईलवर ओढून. भाकरीसुद्धा तशीच पाठमोरी खायच्या. लोणच्याची देवघेव थांबली.

आणि हिरव्या ठिपक्याची एक खोड होती. तो टिकायचा नाही. सकाळी हिरवा, दुपारी लाल. कोणीतरी तोच आकडा टाकला. कोणी? नागपुरातल्या कोणी टाकला असेल, नांदेडातल्या कोणी टाकला असेल, परिवार केवढा तरी होता. पण माणसाची नजर नागपूरपर्यंत जात नाही हो. शेजारच्या पातीतल्या बाईवर जाते.

भागीरथा एका सांजेला चुलीपुढं बसून किसनरावांना म्हणाली, "मले भेव वाटून राह्यलं."

"थे दिसलं काय कुठी?"

"थे नाही. बायायचं. बोलत नाही कोनी. अन एक गोष्ट ध्यानात आली. मी एक बाई आनली का मले एक बोली भेटते. पन थे बाई माह्याच आकड्यावर येऊन बसू शकते. जितक्या आनल्या, तितक्या माह्या अंगावर आनल्या. असं कसं वो हे?"

"मंग सोड."

"कशी सोडू? माह्या शब्दावर आल्या साऱ्या."

किसनरावांनी निखारा चिमट्यानं परत चुलीत ढकलला.

एका बाईला मात्र लपवणं जमलंच नाही. लीलाबाई रोज मारुतीला हात जोडून मोठ्यानं म्हणायची, "दिपाले, माहा सव्वाच टाक व." रोज लाल ठिपका. आणि सवयीनं पातीपातीतून विचारत फिरायची, "तुहा काय आला व, हिरवा का लाल? कितीचा टाकला?" तिला वाटायचं, बायांचं काही बिनसलं आहे, बोललं की सुटेल. पण ती जिला विचारून जाई तिचा ठिपका दुपारी लाल झाला, असं दोनदा घडलं. विमलताईच्या डोक्यात ते बसलं.

"बुढी आकडे काढते अन दिपालीले नेऊन देते," ती तुरीच्या ओळीआड म्हणाली. हळूच म्हणाली, पण वाऱ्यानं सगळीकडे नेलं.

दुसऱ्या दिवसापासून लीलाबाईच्या पातीत कोणी सामोरं गेलं नाही. आपली पात संपली की बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहत आणि ती वाकड्या बोटांनी वेचत येताना बघत राहत. भागीरथा एकटी तिच्या पातीत जाई. लीलाबाई विचारी, "बाकीच्या थकल्या काय व आज?" भागीरथा म्हणे, "हाव, थकल्या." खोटं बोलताना तिला बायांच्या नजरा पाठीवर टोचत. आणि रोज थोडा थोडा उशीर होऊ लागला. दिवस टेकाडाला टेकायचा आणि त्या अजून धुऱ्यावरच असायच्या. गवत काळं दिसायला लागायचं.

त्याच दिवसांत नाल्याच्या वाळूत पंजे दिसले. किसनरावांनी आपला हात त्यात ठेवून पाहिला. बोटं पसरूनही पंजा भरला नाही.

रिक्षाच्या लिलावाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी पाचाला निकाल. त्या दिवशी वेचणीत कोणाचं लक्ष नव्हतं. बोंडात अर्धा कापूस सोडून हात पुढं पळत होते. चार वाजून गेले तशी विमलताईनं ओटी सोडली, गाठोडं बैलबंडीत टाकलं आणि टेकाडाची वाट धरली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. बंडी भरली तशी किसनरावांनी ती गावाकडं हाकली. दिपालीनं आईचा हात धरला. "माय, चाल ना. माहा हिरवा हाय. सकायपासून हिरवाच हाय."

भागीरथा निघाली. अर्ध्या चढावर मागून आवाज आला, "थांबा व माय! आलोच मी!"

तिनं ऐकला. पुढं मला सांगताना ती हेच परत परत म्हणायची, "मी आयकला होता." पण वर बाया रेंज शोधत हात उंच करून उभ्या होत्या, दिपाली ओढत होती. मागून येईलच, असं वाटलं. ती वळली नाही.

पाचाला सगळ्यांचे मोबाईल एकामागून एक वाजले. मग विमलताई हळूहळू वळली.

"दिपाली किसनराव," तिनं वाचलं. "वा भागीरथाबाई! साऱ्या टोळीले नाव घालायले लावलं, अन गाडी घरात?"

"समद्याच बसू त्याच्यात. ठरलं होतं," भागीरथा म्हणाली.

"आमाले काय भीक घालतं? बुढीले आकडे गोळा करायले लावले ना? पोरीनं बरोबर आमचे सोडून टाकला!"

दिपाली आईच्या पुढं आली. "मी इचारलं होतं तिले," ती म्हणाली. तिला खोटं जमलं नाही. "खरं सांगतो. कोनाचे आकडे तुले समजले काय म्हनून म्या इचारलं होतं. तिनं नाही सांगतला. एक बी नाही. म्हने, 'दुसरीच्या मनातलं मी काहून सांगू? मी त बोलाव्या म्हनून इचारतो.'"

"इचार ना मंग तिलेच! कुठी हाय थे?"

सगळ्यांनी मागं पाहिलं.

टेकाडावर एकवीस बाया असायला हव्या होत्या असं कोणी मोजलं नाही. न मोजताच कळलं. खाली वावर पांढरं आणि धूसर दिसत होतं, रानाची कड त्याला चिकटून आली होती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काहीच हलत नव्हतं. दूर नाल्याकडं एक मोर ओरडला, मग लंगूर खाकरल्यासारखं ओरडलं, आणि एकदम सगळं गप्प झालं. लंगूर कशाला ओरडतं ते आमच्या लहान पोरांनाही माहीत आहे.

भागीरथा धावत सुटली. चप्पल वरच राहिली. मागून दिपाली. मग कोणीतरी रिकामी पाण्याची कळशी दगडानं वाजवायला लागली. भागीरथानं वळून पाहिलं तर विमलताई. तोंडानं शिव्या देत होती, रडत होती आणि कळशी बडवत होती. मागं सगळ्या. पण कापसाच्या पऱ्हाटीच्या तोंडाशी आल्यावर सगळ्यांचे पाय थांबले. आत शिरायचं होतं, आणि पऱ्हाटी छातीएवढी.

"लीलाबाई!" भागीरथानं हाक दिली. उत्तर नाही.

विमलताई म्हणाली, "पात कोणती तिची?"

"धुऱ्याकडून तिसरी."

दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून त्या पातीत शिरल्या. कापूस दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होता. पाच पावलं, दहा पावलं. आणि तिथं लीलाबाई बसलेली. मांडी घालून, ओटी पोटाशी धरून, तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. डोळे उघडे. समोरच्या ओल्या मातीत पऱ्हाटीची दोन झाडं मोडून आडवी झाली होती, जड काहीतरी बराच वेळ बसून उठून गेल्यासारखी.

भागीरथानं तिच्या तोंडातला पदर ओढून काढला. "लागलं काय? कुठी लागलं? बोल व माय!"

लीलाबाईनं मोडलेल्या झाडांकडं बोट केलं. "नाही लागलं. थे बसलं होतं. माह्याकडं पाहून राह्यलं होतं. मी मनात देवाचं नाव घेत बसलो."

"मंग हाक काहून नाही मारली? आमी वरतेच होतो ना!" विमलताई तिला गदागदा हलवत म्हणाली.

"मारली असती त तुमी आल्या असत्या," लीलाबाई म्हणाली. "पयतच आल्या असत्या. अन थे मधातच बसलं होतं."

विमलताईचे हात तिच्या खांद्यावर तसेच राहिले.

किसनराव कंदील आणि गावातली माणसं घेऊन आले. लीलाबाईला पाठंगुळी घेऊन गावात आणलं. अंगावर ओरखडा नव्हता, पण तिचं कापणं थांबेना. चूल पेटवली, तीन गोधड्या घातल्या, दात वाजतच राहिले. वणीच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, धसका घेतला. बाया आळीपाळीनं उशाशी बसल्या. विमलताई तर उठेचना. लीलाबाई मधूनच डोळे उघडायची आणि म्हणायची, "गेलं काय?" "गेलं, गेलं," सगळ्या म्हणायच्या. पुढची एकादशी तिनं पाहिली नाही.

जंगल खात्याचे लोक आले, पंजाचं माप घेऊन गेले. जनावरानं शिवलं नव्हतं, म्हणून जनावरानं मारलेल्यांत तिची गणती झाली नाही. आणि आम्ही मागं सोडलेल्यांची गणती कोण करतो?

तेरवीच्या आधीच अमर आला. आणि ऐका, रिक्षा खरंच आली होती. टेम्पोतून उतरवली. हिरवी, वर छत, हाराचे झेंडू अजून ओले. त्यानं आल्या आल्या चौकात फलक उघडला. त्यावर दिपालीच्या फोटोची जागा मोकळी ठेवली होती.

"आत्या, साऱ्या बायायले बोलाव. हसरा फोटो पायजे. हा फलक मारेगावापासून पांढरकवड्यापर्यंत लागन. गावोगावच्या टोळ्या येतात पाहा. समदे तुह्या खाली."

किसनराव हळूच म्हणाले, "घे व. झालं थे झालं. बाया पांदणीनं पायी जानं त चुकन."

भागीरथा रिक्षाला हात लावून उभी राहिली. सीट मऊ होतं. तिला ती हवी होती, देवाशपथ हवी होती. सांजेच्या गवतातून जी पुढचीचा पदर धरून गेली आहे तिलाच ही रिक्षा काय होती ते कळेल.

"फोटोबिगर देतं काय?" तिनं विचारलं.

"नाही ना आत्या. तसं नसते."

"मंग घेऊन जाय."

"पागल झाली काय?"

"आमचं तोंड पाहून बाया येतीन," ती म्हणाली. "जशा या आल्या. कुठल्या कुठल्या गावच्या, रानाकडच्या. मी नाही येऊ देत."

दिपाली ओट्यावर बसून रडत होती. पण ती उठून फलकापुढं आली नाही. बाया दारादारात उभ्या होत्या, कोणी पुढं झाली नाही. विमलताईनं रिक्षाचा हार काढला, लीलाबाईच्या बंद दाराच्या कडीला बांधला आणि अमरकडं न बघता घरात गेली. टेम्पो रिक्षा घेऊन परत गेला.

पुढं ती दुसऱ्या कोणाला मिळाली. पलीकडच्या तालुक्यात एका बाईचा हसरा फलक लागला आहे, मी डोळ्यांनी पाहिला. त्या गावालाही रान लागून आहे. तिथं या घटकेला टेकाडावर कोणी कोणाकडे पाठ करून बसलं असेल का, या विचारानं मला घास जात नाही.

आमच्या बाया आता पुन्हा पायीच जातात, पदर धरून. भय गेलं नाही. पंजे परवाही दिसले. भागीरथा सगळ्यात शेवटी चालते, आणि दर दहा पावलांवर वळून पाहते.

आले, बुवा आले. टाळ घ्या हाती. पण पहिला गजर कराल तेव्हा क्षणभर लीलाबाईला आठवा. पहिल्या रांगेत, खांबाजवळ बसायची ती. मागं नाव घेणारं तिचं कोणी नाही. तुम्ही घ्या.